लाट किती घरं उंच

आमच्या आक्काला समुद्र बघायचा होता आणि मी तिला तो दाखवला नाही. दाखवला, असं मात्र सांगितलं. गोष्ट एवढीच आहे. पण एवढं कागदावर यायला पंचवीस वर्षं गेली, तेव्हा आता सुरुवात केलीच आहे तर नीट सांगतो.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. अक्कलकोटच्या बाजूला दिलेली, वर्षाच्या आत सोलापूरला, भवानी पेठेतल्या आमच्या घरी परत आली. का आली ते घरात कधी बोललं गेलं नाही. वडील त्याच सुमारास गेले. अव्वा, म्हणजे आमची आई, कानडी सोडून दुसरं फारसं बोलायची नाही आणि घराबाहेरही फारशी पडायची नाही. त्यामुळे मला शाळेत घातलं आक्कानं, माझी अक्षरं गिरवून घेतली आक्कानं, आणि पुढं सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो तेव्हा पहिल्या दिवशी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून कोपऱ्यापर्यंत सोडायला आली तीही आक्काच. "लई बोलू नगंस तितं," म्हणाली. तो सल्ला मी जन्मभर पाळला. जिथं बोलायला हवं होतं तिथंही पाळला.

शेजारी चादरींचा छोटा कारखाना होता. मालक तेलुगू बोलणारे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्याकडं नक्षी काढणाऱ्या म्हाताऱ्याची नजर गेली तेव्हा त्याच्या शेजारी बसून घरं भरायला आक्का लागली, आणि दोन वर्षांत तीच नक्षी काढू लागली. हे काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या कागदावर बारीक बारीक घरं छापलेली असतात. जिथं रंगाचा धागा वर यायचा ते घर भरायचं, नाही ते मोकळं सोडायचं. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढतात, आणि कागदावरचा मोर चादरीवर उतरतो. आक्का जगाकडंच त्या घरांतून बघायची. समोरच्या लिंबाची फांदी बघून म्हणायची, "बारा घरं आडवी, सात उभी, आन् शेंड्याला दोन मोकळी." मी मोजून बघितलं आहे. चुकत नसे.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मामा एक दिवस आक्काला म्हणाले, "मोर झाला, कमळ झालं, वेल झाली. अम्मा, आता काही तरी नवीन काढ की." नेमके त्या दिवशी कोकणातले एक दुकानदार चादरी घ्यायला आले होते. वर्षातून दोनदा यायचे. ते म्हणाले, "लाट काढा. आमच्याकडे मोर कोण पांघरणार?"

"न बघितलेलं मी काढत न्हाय," आक्का म्हणाली.

"मोर तरी कुठं बघितलास?" मी चिडवलं.

"आजोळच्या माळावर. तू तवा पाळण्यात व्हतास, मुतत."

सगळे हसले. दुकानदार म्हणाले, "मग या ना आमच्याकडे. आख्खा किनारा पडलाय. कुठला हवा तो निवडा."

ते सहज बोलून गेले. आक्कानं ते वाक्य धरून ठेवलं. कुठला हवा तो निवडा! आयुष्यात तिला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं, नवराही नाही.

तिनं नक्षीच्या वहीची मागची पानं काढली आणि किनाऱ्यांची यादी सुरू केली. रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत जो कुणी गेला असेल त्याला ती पकडायची. मिठाचा व्यापारी, तिकडून बदलून आलेले एक मास्तर, त्यांची बायको, एक ट्रक ड्रायव्हर. किनाऱ्याच्या नावापुढं रंगीत पेन्सिलीनं घरं भरायची. पांढऱ्या वाळूला पिवळं, माडांना हिरवं, जवळ देऊळ असेल तर तांबडं, आणि लाटेला निळं. लाट जेवढी मोठी तेवढी निळी घरं. ड्रायव्हर म्हणाला, "पानीच पानी है, आपा. देखने का क्या उसमें?" त्याच्या नावावर आक्कानं एकही घर भरलं नाही.

मग काटाकाट सुरू झाली. तिचं निवडणं बघत राहावं असं होतं. देवळाचा प्रसिद्ध किनारा पहिल्या फटक्यात गेला. अव्वाला वाईट वाटलं, पण आक्का म्हणाली, "देवाला जाईन तवा देवाला जाईन. आता समुद्राला जायाचंय." मास्तरांच्या बायकोनं एका किनाऱ्याचं फार कौतुक केलं होतं, पाणी कसं शांत, लहान मूलही खेळावं. तोही गेला. "निवांत पाणी सिद्धेश्वराच्या तळ्यात हाय की. त्याला घाट कशाला उतरायचा? मला लाट मोडताना बघायचीय. उभी ऱ्हाती कशी, वाकती कशी, फुटती कशी." हे वाक्य तिचं आहे, आणि ते मी ऐकलं होतं. नंतर माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

शेवटी पाच निळी घरं असलेला एकच किनारा उरला. तो त्या दुकानदारांच्याच गावचा निघाला. त्यांनी सांगितलं होतं की तिथली पोरं फळीवर पालथी पडून लाटेवरून येतात. आक्कानं त्या नावाभोवती पेन्सिलीनं गोल काढला, तो पुन्हा पुन्हा गिरवला, इतका की कागद फाटला.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही निघालो, ती आणि मी. कोल्हापूर गाठलं, तिथून घाट. पहिल्या वळणापर्यंत आक्का खिडकीतून हिरवं बघत "अगं बाई, अगं बाई" करत होती. दुसऱ्या वळणापासून तिला उलट्या सुरू झाल्या त्या खाली पोचेपर्यंत. दुपारी दुकानदारांच्या घरी उतरलो तेव्हा तिला डोळे उघडवत नव्हते. दुकानदारांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, तिला आत नेऊन निजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसती झाली, पण उभी राहिली की गरगरत होतं. वहिनींनी विचारलं, "चाय व्हयी?" त्यांच्याकडं व्हयी म्हणजे हवा. आक्का म्हणाली, "व्हय." आमच्याकडं व्हय म्हणजे हो. दोघींना आपलीच भाषा दुसरीला येते असं वाटून भलताच आनंद झाला आणि त्या हसत सुटल्या. मी दारातून ते बघितलं आणि दुकानदारांच्या मेहुण्याबरोबर किनाऱ्याकडं निघालो. आक्काला म्हणालो, "वाट बघून येतो. उद्या तुला नेतो."

घरामागच्या टेकडीवर चढलं की जांभ्या दगडाचं मोठं पठार. तासभर त्यावरून चालायचं. पायाखाली तापलेला काळा-तांबडा दगड, कडेला करवंदीच्या जाळ्या. मग पठार अचानक संपलं.

मी आजवर त्याबद्दल कुणाशी बोललो नाही, त्यामुळे शब्द घासलेले नाहीत. खाली अर्धचंद्रासारखी वाळू होती आणि तिच्यापुढं पलीकडचा काठच नव्हता. आमच्याकडं पाणी म्हटलं की त्याला काठ असतो, भिंत असते, नाही तर घागरीचं तोंड असतं. हे पाणी कुणी भरलेलं नव्हतं आणि कुणाला पुरवायचं नव्हतं. लांबून एक काळी रेघ यायची. जवळ येता येता तिला पाठ फुटायची, मग ती उठून उभी राहायची, तिच्या पोटातून ऊन आरपार दिसायचं, हिरव्या बाटलीतून दिसावं तसं. क्षणभर ती तशीच थांबायची. मग शेंडा वाकायचा आणि सगळी भिंत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं उलगडत फुटत जायची. उभी राहते कशी, वाकते कशी, फुटते कशी. अगदी तसंच.

पावसाळा तोंडावर आल्यानं होड्या वर ओढलेल्या होत्या. पुरुष रिकामे. मोडक्या होडीच्या फळ्या घेऊन पाचसहा जण पाण्यात उतरले होते. मेहुण्यानं मलाही एक दिली. म्हणाला, "लाट आंगाखाली घेवची, आंगावर न्हय." मी सहा-सात वेळा अंगावरच घेतली. नाकातोंडात पाणी गेलं. मग एकदा काय जमलं कोण जाणे, मागून कुणी तरी मोठ्या हातानं उचलावं तसा मी उचलला गेलो आणि फळीवर पालथा पडून थेट वाळूपर्यंत आलो. ओरडत आलो. मी ओरडणारा माणूस नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर परदेशी लोक तसल्याच फळ्यांवर उभे राहून लाटा कापताना दिसले. त्याला सर्फिंग म्हणतात हे तेव्हा कळलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या पोट आत ओढून धरलं होतं. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही."

पाण्यातून बाहेर येऊन वाळूत पडलो होतो तेव्हा मेहुणा म्हणाला, "उद्या भयणीक घेवन येवया. सावकाश चलूया. गाडी धाची आसा." आमची परतीची गाडी दहाची होती. दुसऱ्यानं थट्टा केली, "म्हातारेक उचलून हाडतलास काय रे?" हाडतलास म्हणजे आणशील. सगळे हसले. आक्का तेव्हा सदतीस वर्षांची होती.

मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं: उद्या ती माझा हात धरून हे पठार चालणार, दर दहा पावलांना बसणार, मग खाली उतरून इरकली लुगड्याचा काष्टा वर खोचून मोठ्यानं "अगं बाई, लई मोठं हाय की रं!" म्हणणार, आणि ह्या लोकांसमोर मी तिचा भाऊ असणार. सकाळपासून मी कुणाचाच भाऊ नव्हतो. तेच सुख होतं, नुसत्या लाटेचं नव्हतं. दुसरं कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला, तिची तब्येत, ऊन, रजा. ती कारणं खरी होती, पण ती कारणं नव्हती.

संध्याकाळी परत आलो तर आक्का घरात नव्हती. दारापुढच्या माडांतून ती खाली गेली होती. दुकानदारांचं घर खाडीवर होतं. खाडी म्हणजे समुद्राचं पाणी आत घुसून तयार झालेला फाटा; हे मला आदल्या दिवशी कळलं होतं, आक्काला नाही. तेव्हा भरती होती. पाणी काठोकाठ, पलीकडचा किनारा धुरकट, आणि वाऱ्यानं पाण्यावर बारीक चुण्या पडल्या होत्या. आक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून हात जोडून होती. म्हणाली, "अव्वा, एष्ट नीर!" केवढं हे पाणी. अव्वा सोलापुरात होती, पण हाक तिलाच होती.

मग मागं वळून मला म्हणाली, "ह्योच का रं समुद्र?"

मी म्हणालो, "व्हय."

तिनं ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं. "खारट हाय की!" तिची उरलीसुरली शंका तिथं मिटली. पण ती आक्का होती. तिनं डोळे बारीक केले. "आन् पल्याड ते काय दिसतंय? लंका व्हय?"

"दुसरं गाव आहे. समुद्र वळतो इथं."

"आन् लाट?"

"आज नाही. वाऱ्यावर असतं ते."

तिनं मान डोलावली. मी शिकलेला होतो, तिनंच शिकवलेला. मग ती काठावरच्या दगडावर बसली आणि अंधार पडेपर्यंत त्या चुण्या बघत राहिली. बोट हवेत हलत होतं. घरं मोजत होती.

जेवताना दुकानदारांनी विचारलं, "मग उद्या पहाटे?" मी खाली बघत म्हणालो, "नको, तिला झेपणार नाही." आतून आक्कानं विचारलं, "कुटं जायाचंय?" मी म्हणालो, "कुठं नाही."

सोलापुरात आल्यावर तिनं महिनाभर कागद सोडला नाही. नक्षी झाली ती मामांना दाखवली. मामा बराच वेळ बघत राहिले. "समुद्र असा शांत असतो?" म्हणाले. "बरं झालं. पांघरून झोप तरी लागेल." आणि चादर निघाली.

मला ती नक्षी वाईट निघायला हवी होती. निघाली नाही. निळ्यावर पांढऱ्याच्या बारीक चुण्या, कुठंही एक दुसरीसारखी नाही, आणि मधेच दोन-तीन घरं मोकळी सोडलेली, तिथं मावळतीचं ऊन पाण्यावर पडलं होतं. मीही त्याच काठावर उभा होतो, मला ते दिसलं नव्हतं. मी उघडा समुद्र बघून आलो आणि गप्प बसलो. तिनं खाडी बघितली आणि सोलापूरच्या शेकडो अंथरुणांवर अंथरली. पेठेत त्या चादरीला 'समुद्र'च म्हणायचे. पुढच्या खेपेला कोकणातले दुकानदार आले, चादर उलगडून म्हणाले, "अगदी आमच्या दारातलं पाणी!" आक्का केवढी फुलली. त्यांनी माझ्याकडं बघितलं का, ते मला ठाऊक नाही. तोवर मी चहा सांगायला बाहेर पडलो होतो.

माझ्या लग्नात तिनं तीच चादर दिली. इतकी वर्षं मी ती पांघरतो आहे.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात माझी मुलगी कॉलेजच्या सहलीहून कोकणातून आली. फोटो पसरून बसली. आक्का जवळ शेंगा फोडत होती. फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "ह्यात पल्याडचं गाव दिसंना की."

"आत्या, समुद्राला पलीकडचं गाव नसतं!"

"असतंय. मी बघितलंय. समुद्र वळतो तितं."

मुलगी हसून लोळायला लागली. "समुद्र वळतो? आत्या, अगं तुला काय लंका दिसली होती का?"

आक्का चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "तुझ्या बापानं दाखवलाय मला. त्यो खोटं कशाला बोलंल?"

मुलगी हसतच आत गेली. आक्का पुन्हा शेंगा फोडू लागली. त्या वाक्यानंतर गप्प बसणं मला जमलं नाही.

"आक्का," मी म्हणालो, "ती खाडी होती."

"खाडी म्हंजे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पठार, फळी, मेहुणा, ती थट्टा, माझं हसणं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"म्हातारी म्हनाले मला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् तू हसलास."

"व्हय."

तिनं टरफलं पदरातून खाली झटकली. "मी मेल्यावर सांगनार व्हतास का? का चादरीसंगं जाळनार व्हतास?" मी खाली पडलेली टरफलं गोळा करू लागलो. "माजं सोड. आख्ख्या पेठेला मी खाडी पांघरायला लावली की रं!"

आणि तिला हसू फुटलं. पण ते लगेच थांबलं आणि डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. तसंच राहू दिलं, माझ्याकडं बघत. मला ते बघावं लागलं. ते योग्यच होतं.

मग ती उठली. आजकाल नक्षी कॉम्प्युटरवर होतात, तिचं काम कधीच थांबलं आहे. पण ट्रंकेच्या तळाशी घरांचे कागद आहेत. एक काढून तिनं समोर पसरला, पेन्सिल हातात घेतली.

"सांग. लाट किती घरं उंच?"

मी सांगू लागलो. एक रेघ येते, तिला पाठ फुटते. ती काढत होती. मग उठते. किती? अजून. अजून? आक्का, अजून. पेन्सिल कागदाच्या वरच्या कडेला लागली. तिनं दुसरा कागद वर जोडला. तोही संपला. ऊन आरपार दिसतं म्हणालो तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"न्हाय जमायचं सांगून," ती म्हणाली. "म्या पयलंच म्हनलं व्हतं, न बघितलेलं मी काढत न्हाय."

तिनं जुनी वही मागवली. मागचं पान उघडलं. गोल गिरवून फाटलेला कागद, त्यात पाच निळी घरं, रंग अजून टिकलेला. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"ह्याच जागंची तिकिटं काढ. घाटात वकले तर वकू दे, माळावर बसले तर बसू दे. आन् तितं पोचल्यावर तू तोंड उघडायचं न्हाय. समुद्र हाय का न्हाय, ते ह्या बारीला मी सांगीन."